चार किलोचा मेडिसिन बॉल: आठ महिन्यांनंतर

आधी वजनाचं सांगते, कारण ते अजून डोक्यातून जात नाही. व्यायामाच्या या जड रबरी बॉलवर मोठ्या अक्षरांत 4 किलो छापलं आहे. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला तर भरला 3 किलो 610 ग्रॅम. काट्याचा दोष नको म्हणून रद्दीवाल्याकडेही मोजून घेतला, तिथे 3 किलो 600. मी 1,800 रुपये मोजले, म्हणजे किलोला 450. पावणेदोनशे रुपयांचा बॉल मला मिळालाच नाही. विक्रेत्याला काट्याचा फोटो पाठवला, तर म्हणे एवढा फरक चालतो. किलोमागे शंभर ग्रॅम कमी देणाऱ्या डाळवाल्याकडे आपण पुन्हा जातो का?

ऑक्टोबरात घेतला तो कंबरेसाठी. दिवसभर खुर्चीत बसून, वर स्कूटर चालवून संध्याकाळी पाठ धरायची. रशियन ट्विस्ट करायचं ठरवलं. सतरंजीवर गुडघे वाकवून बसायचं, पाठ न वाकवता थोडं मागे रेलायचं, बॉल छातीजवळ धरून डावीकडे-उजवीकडे वळायचं. पहिले तीन आठवडे मी रोज पन्नास-पन्नास करायची आणि कंबर आणखीच दुखायची. तेव्हा मी बॉललाच नावं ठेवली होती, ते आता मागे घेते.

चूक माझी होती. शेजारची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही तर फक्त हातच फिरवून राहिल्या. अन् वळता तेही कमरेतून." कमरेचे मणके मुळात फारसे फिरत नाहीत, पिळण्याची खरी मोकळीक बरगड्यांच्या मागच्या मणक्यांत असते, हे तिने माझ्या पाठीवर बोट ठेवून दाखवलं. बॉल छातीच्या हाडासमोरून हलू द्यायचा नाही. खांदे वळतील तेवढाच तो जाईल. पाय जमिनीवर टेकलेले, वळताना श्वास सोडायचा. तसं केल्यावर दहाव्यालाच पोटाच्या बाजूचे स्नायू थरथरायला लागले. पन्नास वेळा करून जे कधी जाणवलं नव्हतं, ते दहात जाणवलं! सुरुवातीला दोन किलोही पुरले असते, असं ती म्हणाली. म्हणजे ते 390 ग्रॅम माझ्या पोटाला लागतच नव्हते. पैसे मात्र मी त्यांचेही दिले आहेत.

जानेवारीपर्यंत पाठ धरणं जवळजवळ थांबलं. भांडी घासायला वाकताना हात ओट्याला टेकावा लागत नाही, हे मला फार मोठं वाटतं.

मग मे आला. गच्चीवरच्या खोलीत पारा 45 च्या वर, रबर चिकट झालं, हाताला काळं लागायला लागलं. एक दिवस बॉल दाबला तर बोट आत गेलं. साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हपाशी बारीक बुडबुडे. विक्रेत्याचं म्हणणं, "तुम्ही आपटला असेल." मी एकदाही आपटलेला नाही. आपटायला वाळू भरलेला, न उसळणारा स्लॅम बॉल वेगळा येतो, हे मला ठाऊक आहे. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने फुटबॉलची पिन तेल लावून घातली, हवा भरली, व्हॉल्व्हवर थोडं सोल्यूशन लावलं. तीस रुपये घेतले. दीड महिना झाला, अजून टिकलाय.

घ्यायचा असेल तर दुकानात जाऊन घ्या, आणि समोर काट्यावर ठेवायला लावा. पहिल्यांदा घेत असाल तर दोन किलोचा. उन्हाळ्यात खालच्या खोलीत, पलंगाखाली ठेवा. माझा आता तिथेच असतो. सकाळी सहाला काढते, दोन्ही बाजूंना बारा-बारा, असे तीन वेळा. आणि पावणेदोनशे रुपयांसाठी विक्रेत्याला काल पुन्हा लिहिलं आहे.