आठ महिने वेअरवुल्फ हिरोईन वाचल्यानंतर: आगीतून निघाली ती कुठे गेली?

आधीच सांगते, ह्या वाटेला मी स्वतःहून गेले नव्हते. मैत्रिणीने रात्री साडेअकराला लिंक टाकली आणि खाली लिहिलं, 'अगं एकच चॅप्टर वाच, नाही आवडला तर सोड.' घड्याळात बघितलं तेव्हा तीन वाजले होते आणि मी एकोणिसाव्या चॅप्टरवर होते. त्याला आता आठ महिने झाले. ह्या काळात एकाच ॲपवर अकरा कादंबऱ्या झाल्या, सात पूर्ण वाचल्या, तीन रागाने सोडल्या, एक अजून चालू आहे. विषय सगळ्यांचा एकच, वेअरवुल्फ मुलगी (माणसाची लांडगी होणारी), तिच्या डोक्यावर लादलेलं लग्न आणि त्यातून तिचं पळणं.

ज्यांनी वाचलंच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. शहर आजचंच, मेट्रो, ऑफिसं, सीसीटीव्ही सगळं आहे, फक्त त्याच शहरात लांडग्यांचे पॅक, म्हणजे टोळ्या, माणसांसारखे लपून राहतात. हिरोईन अशाच पॅकमधली. पॅकचा अल्फा, म्हणजे म्होरक्या, बहुतेक वेळा तिचा बापच, दुसऱ्या पॅकच्या अल्फाशी तिचं लग्न ठरवून मोकळा होतो, हद्दीचं भांडण मिटावं म्हणून नाहीतर जुनी देणी फिटावीत म्हणून. नवरा फोन तपासतो, दाराशी माणसं ठेवतो, आणि पौर्णिमेला तिने रूप बदलू नये म्हणून चहातून काहीतरी देतो. मग ती पळते.

(वेअरवुल्फला मराठीत काय म्हणायचं ह्यावर मी फार डोकं लावलं. नरलांडगा म्हणावं तर ही बाई. वृकमानवी म्हटलं की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे इंग्रजीतही तीच अडचण, जुन्या इंग्रजीत 'वेअर' म्हणजे पुरुष, त्यामुळे बाई वेअरवुल्फ हा शब्दच मुळात उलटा. मी आपली सरळ लांडगी म्हणते.)

आधी ॲपची तक्रार उरकून घेते कारण त्याचा कथेशी संबंध आहे. पहिले काही चॅप्टर फुकट, मग प्रत्येकाला कॉइन, म्हणजे ॲपमधले विकत घ्यायचे पैसे. ऑटो-अनलॉक, म्हणजे कॉइन कापून पुढचा चॅप्टर आपोआप उघडणं, आधीपासूनच चालू असतं आणि ते बंद करायचं बटन कुठल्यातरी मेनूच्या पोटात दडवलेलं, अर्धवट झोपेत अंगठा फिरत राहिला आणि सकाळी बघते तर वॉलेट कोरडं. तक्रार केली तर 'आपल्या भावना आम्हाला महत्त्वाच्या आहेत' छापाचं उत्तर आलं, विषय संपला. पण खरी मेख वेगळीच आहे. चॅप्टर विकायचे म्हटल्यावर पळण्यात पाणी घालणं आलंच. हिरोईन दाराच्या कडीला हात लावते, चॅप्टर संपला. पुढच्यात कडी निघते पण बाहेर पावलं वाजतात, संपला. त्याच्या पुढच्यात पावलं मांजराची निघतात. एक कडी उघडायला मी तीन चॅप्टरचे कॉइन मोजलेत, तेवढ्यात एखादीने खिडकी फोडली असती.

आता चांगलं सांगते, कारण चांगलं आहे म्हणूनच आठ महिने टिकले. पळण्याचा भाग जिथे नीट लिहिलाय तिथे पंजे आणि दात जवळजवळ कामालाच येत नाहीत. मला सगळ्यात आवडलेल्या गोष्टीत ती रोज संध्याकाळी धावायला जाते आणि दर आठवड्याला आणखी पाच मिनिटं उशिरा परत येते. फक्त पाच. पहारेकरी पहिल्या आठवड्यात घड्याळ बघतो, दुसऱ्यात भुवया उंचावतो, तिसऱ्यात त्याला सवय होते. दहा आठवड्यांनी तिच्याकडे कुणालाही शंका न येणारी पन्नास मिनिटं जमलेली असतात. तेवढ्यात बस पकडता येते. ओळखपत्रं नवऱ्याच्या तिजोरीत, म्हणून लग्नाच्या कागदांवर सही करायला बसवलं तेव्हाच तिने टेबलाखाली फोन धरून फोटो काढून ठेवलेले. हे वाचताना अंगावर काटा आला, रूपांतराच्या वर्णनाने कधीच आला नाही.

शहरात पोचल्यावर पुढचा प्रश्न वासाचा. पॅक नाकाने माग काढतो, मग लपायचं कसं? ही रात्रपाळी करणाऱ्या एका नर्ससोबत खोली घेते आणि तिचा न धुतलेला स्वेटर सहा आठवडे अंगातून काढत नाही. कॉलरला सॅनिटायझरचा वास, बाहीवर दुसऱ्या कुणाचा तरी घाम, आणि ही त्यात नाक खुपसून झोपते कारण स्वतःचा वास आला की तिला भीती वाटते. एवढं एक पान मी चारदा वाचलं. नर्सला ती लांडगी आहे हे माहीतच नाही, तिला फक्त एवढंच कळलंय की ही बाई नवऱ्याला घाबरून आलीये, आणि ती एकही प्रश्न न विचारता स्वेटर देऊन टाकते.

पण वापरानंतरचा अनुभव म्हणतात तो खरा आला पाचव्या महिन्यात, जेव्हा मी पहिली कादंबरी पुन्हा काढली. त्यात नवरा एका ठिकाणी म्हणतो, 'बाहेर थंडी आहे, चालत नको जाऊ, गाडी पाठवतो.' पहिल्या वेळी मला हे गोड वाटलं होतं, खोटं कशाला बोलू, मी हायलाइटसुद्धा करून ठेवलं होतं. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की गाडीचा ड्रायव्हर ती कुठे उतरली ते सांगतो, आणि त्या वाक्यानंतर ती कथेत एकदाही एकटी चाललेली नाहीये. लेखिकेने तेव्हाच सगळं सांगितलं होतं, मीच हायलाइट करून पुढे गेले.

मग मी जरा शहाणपणा केला आणि पळून झाल्यानंतरचे भाग तपासायला घेतले. हा प्रकार इथे घसरतो. अकरापैकी आठ गोष्टींत ती पळून दुसऱ्या एका अल्फाच्या हद्दीत जाते आणि तो तिचा 'फेटेड मेट' निघतो, म्हणजे चंद्रदेवीने जन्माआधीच नेमून दिलेला. वास आला, गुडघे लटपटले, झालं. एका गोष्टीतले दोन स्क्रीनशॉट मी शेजारी शेजारी लावून बघितले. सहाव्या चॅप्टरमध्ये नवरा म्हणतो, 'तू कुठे जातेस ते मला कळायला हवं.' अठ्ठेचाळिसाव्यात हिरो म्हणतो, 'तू कुठे जातेस ते मला कळायलाच हवं.' फरक 'च' चा आणि डोळ्यांच्या रंगाचा, ह्याचे सोनेरी आहेत. आगीतून निघून फुफाट्यात, आणि वर फुफाटा दिसायला हँडसम. बापाने ठरवलं तर जबरदस्ती आणि चंद्राने ठरवलं तर प्रेम, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. दोन्हीकडे तिला कुणी विचारलंच नाही ना.

ह्या रागातच मी खऱ्या लांडग्यांबद्दल वाचायला घेतलं आणि तिथे वेगळंच निघालं. ह्या सगळ्या कथांचा कणा म्हणजे अल्फा, तो हुकूम करतो आणि बाकी पॅकचे गुडघे आपोआप टेकतात. ही कल्पना वर आली ती बरीचशी रुडॉल्फ शेंकेल ह्या शास्त्रज्ञाच्या १९४७ च्या निबंधातून. त्याने लांडगे बघितले ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात, दहा बाय वीस मीटरच्या आवारात कोंडलेले जास्तीत जास्त दहा लांडगे. एवढ्याशा जागेत कोंडल्यावर मारामाऱ्या करून वरखाली ठरणारच, माणसांचंही ठरेल. पुढे डेव्हिड मेक ह्या अमेरिकी लांडगा-अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकाने अल्फा हा शब्द घरोघरी नेला. मग ह्याच मेकनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समीअर बेटावर १९८६ पासून दर उन्हाळ्यात मोकळे लांडगे जवळून बघितले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला पॅक म्हणजे साधारणपणे आई, बाप आणि त्यांची पोरं. अल्फा म्हणजे काय, तर ज्यांना पिल्लं झाली ते. स्वतःचं गाजलेलं पुस्तक छापणं बंद करा म्हणून हा माणूस प्रकाशकाच्या मागे लागला होता, शेवटी २०२२ मध्ये ते थांबलं. म्हणजे आपल्या हिरोईनला ज्या 'अल्फा कमांड'ने खिळवून ठेवतात ती निघालीये पिंजऱ्यातून. लेखिकांना माहीत असो नसो, जागा अगदी बरोबर आहे.

आणि ह्याहून भारी गोष्ट पुढे आहे. रानात पोरं साधारण एक ते तीन वर्षांची झाली की घर सोडतात, नर सोडतात तशा माद्याही सोडतात. एकटी निघते, स्वतःचा जोडीदार बघते, स्वतःचा इलाका बघते. १९९१ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टात एका मादीला रेडिओ कॉलर बसवली, तेव्हा पाऊस पडत होता म्हणून तिचं नाव ठेवलं प्लुई, फ्रेंचमध्ये पाऊस. ती पुढच्या दोन वर्षांत कॅनडा आणि अमेरिका मिळून एक लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या मुलखात हिंडली. १९९५ मध्ये जोडीदार आणि पिल्लांसकट गोळीला बळी पडली ती वेगळी गोष्ट. पण मला एवढंच म्हणायचंय की लांडगीने घर सोडणं ह्यात बंड वगैरे काही नाही, ते तिचं रोजचं वागणं आहे. पॅकने तिला तह म्हणून दुसऱ्याकडे पाठवणं, हे मात्र शुद्ध माणसाचं डोकं. ह्या कथांमध्ये 'आमच्या लांडग्यांच्या प्रथा' म्हणून जे जे सांगतात ना, ते सगळं आता मला माणसांच्या बैठकीत ठरलेलं दिसतं.

जुन्या गोष्टींतही लग्न आणि लांडगा एकत्र आहेतच. बाराव्या शतकात मारी द फ्रान्स ह्या कवयित्रीने बिस्क्लाव्हरे लिहिली, त्यात लांडगा नवरा आहे आणि बायको त्याचे लपवलेले कपडे चोरायला लावते, कपड्यांशिवाय त्याला परत माणूस होता येत नाही. तो शेवटी राजासमोर तिचं नाक तोडून घेतो. आठशेहून जास्त वर्षांनी हिरोईनची कागदपत्रं नवऱ्याच्या तिजोरीत आहेत, मला तरी तेच कपडे वाटले. फक्त ह्या वेळी चोरी कुणी केली ते उलटं आहे.

किरकोळ खटकलेलं पटकन सांगते. चंद्र. मध्यरात्री पौर्णिमेचा चंद्र 'नुकताच उगवत' होता असं तीन गोष्टींत आहे. अहो, पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमारास उगवतो, मध्यरात्री तो डोक्याकडे आलेला असतो, जिचं सगळं आयुष्य चंद्रावर चालतं तिला तरी हे माहीत हवं. एकीत तर दीड आठवड्यात दोन पौर्णिमा होत्या, चक्र साडेएकोणतीस दिवसांचं असतं बायांनो. आणि तो चहातला वुल्फ्सबेन म्हणजे बचनाग, त्याने हृदयाची लय बिघडते, रोज कपभर देऊन बायको 'शांत' राहील हे डोक्यातून काढा, ती काही दिवसांत जाईल. नाव पडलं तेच मुळी लांडगे मारायच्या आमिषात घालायचे म्हणून.

भाषांतरित आवृत्त्यांपासून लांब राहा, मशीनने केलेली एक वाचायला घेतली तर त्यात लुना, म्हणजे अल्फाची बायको, सगळीकडे 'चंद्र' झालेली. 'चंद्राने दार आपटलं आणि रडत जिना उतरला.' अर्धा तास हसले, पण कॉइन गेले ते गेलेच.

रेटिंग द्यायचं तर पहिल्या महिन्यात डोळे मिटून पाच दिले असते, आज साडेतीन. पळण्याच्या भागाला साडेचार, त्यानंतरच्याला दोन. घरात बंधनं, पाळत असलं काही सोसलेलं असेल तर सुरुवातीचे चॅप्टर जपून वाचा, काही ठिकाणी फार जवळून लिहिलंय, मी दोनदा फोन पालथा ठेवलाय. हलकंफुलकं प्रेमप्रकरण हवं असेल तर नका येऊ. आणि अकरापैकी ज्या तिघींना शेवटी अल्फाबिल्फा मिळत नाही त्या शोधायला वेळ लागेल, कारण ॲपला त्या आवडत नाहीत, यादीत पार खाली असतात आणि रोजचं नोटिफिकेशन येतं ते 'तुझा अल्फा तुझी वाट बघतोय' असंच. ते मी बंद केलं, ऑटो-अनलॉकही.

चालू असलेली अकरावी सध्या एकसष्टाव्या चॅप्टरवर आहे. तिला स्वतःच्या नावावर खोली मिळालीये, ती आतून कडी लावते, परत काढते, परत लावते, नुसती बघायला. खाली बॅनर आहे, पुढच्या चॅप्टरमध्ये शेजारी एक सोनेरी डोळ्यांचा माणूस राहायला येणार. कॉइन आहेत माझ्याकडे. तीन आठवडे झाले, अजून उघडलेला नाही.