‘७० रुपये’ म्हणजे मिलीला! बाबांच्या स्मरणशक्तीच्या तेलात आमची झालेली फसवणूक

आई गेली आणि बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस बंद करणं, आणि एके संध्याकाळी देवळातून घरी येण्याचा रोजचाच रस्ता. वय ७४. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी करायच्या होत्या. आम्ही गेटबाहेर रिक्षाची वाट बघत उभे होतो.

तिथे पन्नाशीचा एक माणूस जवळ आला. इस्त्रीचा शर्ट, हातात हॉस्पिटलची फाईल. “ताई, काकांना विसरायला होतं का? माझ्या वडिलांचंही असंच होतं. दोन वर्षं इथे खेटे घातले, शेवटी मालकांगोणीच्या तेलाने गुण आला.” मालकांगोणी ही एक औषधी वेल, तिच्या बियांचं तेल काढतात. पैशाचं नाव नाही. उलट एका चिठ्ठीवर त्याने ब्राह्मी, शंखपुष्पी, वेखंड, जटामांसी अशी नावं लिहून दिली. ही नावं मी लहानपणापासून ऐकलेली, म्हणून विश्वास बसला. “काष्ठौषधींच्या कुठल्याही दुकानात मिळेल,” म्हणाला, आणि लगेच, “जवळच एक चांगलं आहे, दाखवतो.”

दुकानात बरण्या, धन्वंतरीची तसबीर, उदबत्ती. मी तेलाचा भाव विचारला. “सत्तर रुपये.” चूर्णाचा? “साठ.” मला वाटलं, बाटलीचे सत्तर आणि पुडीचे साठ. त्याने चारही वनस्पती पन्नास-पन्नास ग्रॅम तोलल्या, माझ्यासमोर यंत्रात दळून एकत्र केल्या, तेल १०० मिली ओतलं, बूच लावलं आणि बिल सांगितलं १९,००० रुपये. भाव ग्रॅमचा आणि मिलीचा होता! नको म्हणाले, तर “दळून मिसळलेलं औषध परत कसं घेणार, ताई?” बाबा बाजूला स्टुलावर बसलेले, चेहरा कावराबावरा. कार्डाचं मशीन बंद होतं, म्हणून दुकानातला मुलगा माझ्याबरोबर एटीएमपर्यंत आला. पावती मिळाली ती साध्या कागदावरची. फाईलवाला कधी निघून गेला, कळलंही नाही.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण खरा घात त्या दुकानदाराच्या एका वाक्याने केला: “औषध चालू असताना रक्त तपासू नका, रिपोर्ट चुकीचे येतात.” मी ऐकलं. दोन महिने.

रोज रात्री दुधातून दहा थेंब, सकाळी चमचाभर चूर्ण. बाबा दिवसभर गुंगीत असायचे. पोट बिघडलं. मी दुकानदाराला विचारलं तर फोनवर उत्तर मिळालं, “विष बाहेर पडतंय.” एके दिवशी मोरीत तोल जाऊन ते पडले, तेव्हा मी बाटली घेऊन आमच्या ओळखीच्या वैद्य ताईंकडे गेले. त्यांनी तेलाचा थेंब बोटावर घेतला, हुंगला, जिभेच्या टोकाला लावला. “मालकांगोणी कडू आणि तिखट लागते गं. हे तिळाचं तेल आहे, रंग घातलेलं.” मग बाटली फिरवून विचारलं, “लायसन्स नंबर कुठे आहे? बॅच नंबर? बनवणाऱ्याचा पत्ता?” लेबलवर फक्त धन्वंतरी होते. आयुर्वेदिक औषधालाही १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो, आणि या गोष्टी लेबलवर छापाव्याच लागतात, हे मला तेव्हा कळलं. मेंदूचे विकार बरे करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

ताईंनी आणखी एक सांगितलं. खरं मालकांगोणीचं तेलही उष्ण असतं, थेंबाथेंबानेच आणि प्रकृती बघून देतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने ते मनाने घ्यायचं नसतं. ब्राह्मीचा परिणाम झालाच तर दिसायला आठवडे लागतात. आठ दिवसांत बुद्धी तल्लख करतो म्हणणाऱ्यापासून लांब राहायचं. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्यायची, तेलाची बाटलीसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी राहिलेल्या तपासण्या केल्या. बी-१२ जीवनसत्त्व खूपच कमी निघालं. आमचं घर शाकाहारी, त्यात बाबांना मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू, आणि तिने बी-१२ कमी होऊ शकतं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचं हे कारण इंजेक्शनांनी सुधारू शकतं, फक्त जितकं लवकर तितकं बरं. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ते दोन महिने आले.

दुकानात परत गेले तर शटर बंद आणि पाटी काढलेली. बाटली, पुडी आणि कागदाची पावती मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीसोबत दिली. तुमच्याकडे असं काही असेल तर रागाने फेकून देऊ नका, तोच पुरावा असतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार घेतात.

इंजेक्शनं सुरू होऊन तीन महिने झाले. गेल्या आठवड्यात बाबा एकटे देवळात गेले आणि एकटे घरी आले. येताना आईला आवडायचा तो मोगऱ्याचा गजरा घेऊन आले आणि तिच्या फोटोला घातला.