‘हमखास’ दिसलेला बेडूक

रात्रीच्या जंगलफेरीत दुर्मीळ बेडूक हमखास दाखवतो असं कुणी म्हणालं, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मी आगाऊ भरले आणि फसले.

आम्ही सात जण होतो. पावसाने बरेच दिवस दडी मारलेली, पायाखाली पाचोळा वाजत होता. रात्री बेडूक शोधायचा तो आधी कानांनी. नर ओरडतो, आपण थांबतो, टॉर्च विझवून पुन्हा ऐकतो. आमचा गाईड मात्र एकदाही थांबला नाही. तरातरा एका झुडपापाशी गेला, टॉर्च मारला, आणि बेडूक समोर पानावर! सगळे हरखले. मीही.

जवळून बघितलं तर त्याच्या नाकाचं टोक सोलवटलेलं, लालसर होतं. डब्यात कोंडलेले बेडूक बाहेर पडायच्या धडपडीत भिंतीवर तोंड घासत राहतात, त्याने अशी जखम होते. शंका आली होती, पण सगळ्यांसमोर बोलायचं धाडस झालं नाही. त्याचं आजही वाईट वाटतं.

परतल्यावर त्याच गाईडने तीन आठवड्यांपूर्वीच्या फेरीचे टाकलेले फोटो माझ्या फोटोंशी ताडून पाहिले. डाव्या खांद्यावर एकमेकांना चिकटलेले दोन ठिपके, खाली तुटकी रेघ. तंतोतंत तेच. पुष्कळ जातींत पाठीवरच्या नक्षीवरून एकेक बेडूक ओळखता येतो, अभ्यासक तसंच करतात. झुडूप वेगळं, ओढा वेगळा, बेडूक तोच. म्हणजे तो डब्यातून हिंडवला जात होता.

पैशांपेक्षा त्या जिवाचं जास्त लागलं. बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच शोषतो. डासांचं मलम चोपडलेल्या हातांनी या माणसाने त्याला उचलून एकेकाच्या तळहातावर ठेवलं. शिवाय एका ओढ्यावरचा बेडूक दुसरीकडे नेला की कायट्रिड बुरशीही सोबत जाऊ शकते. ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतले बेडूक हिच्यामुळे मरताहेत हे १९९८ मध्ये उघड झालं. २०१९ च्या एका आढाव्यानुसार हिने किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटवली, त्यातल्या ९० नामशेष झाल्याचं मानलं जातं. म्हणूनच जाणकार गाईड निघण्याआधी बूट निर्जंतुक करायला लावतात, प्राण्याला हात लावू देत नाहीत आणि काहीच न दिसण्याची शक्यता आधीच सांगून टाकतात. बुकिंग करताना सरळ विचारा, ‘किती फेऱ्यांत काहीच दिसलं नाही?’ ‘एकाही नाही’ असं उत्तर आलं, तर जाऊ नका.

पैसे परत मागितल्यावर त्याने उडवाउडवी केली. दोन दिवसांनी जुने फोटोही काढून टाकले. मी ते आधीच उतरवून ठेवले होते, तक्रारीसोबत वन विभागाला पाठवले आहेत. तुम्हीही अशा फेरीला जाऊन आला असाल, तर बेडकाच्या पाठीचे फोटो पुसू नका.