हेलिओस ४४-२ : नवतप्यापासून नाटकांच्या रात्रींपर्यंत

हेलिओस ४४-२ ही कॅमेऱ्याची जुनी लेन्स मी होळीच्या सुमारास घेतली. त्यानंतर नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) झाला, धानाची रोवणी झाली, दिवाळीनंतरच्या मंडया म्हणजे गावजत्रा आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकंही झाली. या लेन्सच्या गरगरत्या पार्श्वभूमीचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं. आपल्या हवेत ती कशी टिकते हे मात्र कुठे सापडलं नाही, म्हणून लिहितोय.

झाइसच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ या जर्मन रचनेवरून सोव्हिएत कारखान्यांनी ही लेन्स काढली. चार गटांत सहा काचा, अपर्चरला, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राला, आठ पाती. माझी क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली आहे. तिथल्या नंबरातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा साल सांगतात आणि माझ्या नंबराची सुरुवात ७८ ने होते. नागपुरात जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडे साडेचार हजारांत मिळाली. घेताना अपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरपं बघा. थोडी धूळ असली तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला असेल तर भाव पाडून घ्या, मधोमध असेल तर सोडून द्या. बुरशीने कोटिंग (काचेवरचा चकाकी कमी करणारा थर) खाल्लं असेल, तर पुसून बुरशी जाते, कोटिंग परत येत नाही.

माझ्या लेन्सला पुढच्या काचेच्या आतून कडेला बुरशी होती आणि फोकस रिंग दोन्ही हातांनी फिरवावी लागे. पुढचं काम सोपं निघालं. नाव लिहिलेली रिंग रबरी बुचाने दाबून फिरवली, आतली रिंग स्पॅनरने काढली, काच बाहेर आली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्सचा कागद घेऊन मधून कडेकडे हलक्या हाताने पुसली. कोटिंग शाबूत होतं.

खरी मेहनत फोकसच्या आट्यांची. त्यांना एकाच वेळी अनेक सुरुवाती असतात, त्यामुळे उघडताना आटे नेमके कुठे सुटतात तिथे दोन्ही भागांवर खूण करावीच लागते. दुसऱ्या आट्यात बसवलं तर रिंग फिरते, पण अनंतावर फोकस येत नाही. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. पेट्रोलपेक्षा लायटरचं इंधन बरं, मागे तेलकटपणा उरत नाही. नवीन ग्रीस अगदी पातळ थरात लावलं. सायकलच्या दुकानातलं साधं ग्रीस लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मग ते पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर उतरतं. हेलिओसची पाती हाताने फिरवायची असल्याने तेलाने अडकत नाहीत, पण त्या तेलाची वाफ शेजारच्या काचेवर धूसर थर धरते. लेन्ससाठी बनवलेलं जाड ग्रीस महाग आहे, पण नवतप्यात पात्यांवर तेलाचा डाग आला नाही.

बुरशी पावसाळ्यातच लागते असं आपण धरून चालतो. आमच्या घरी उन्हाळ्यातच आर्द्रता मोजली आणि डोळे उघडले. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, पण कूलरच्या खोलीत काटा ७० टक्क्यांच्या पुढे! कपाट त्याच खोलीत. तेव्हापासून लेन्स रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सोबत ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल, आणि डबा कूलर नसलेल्या खोलीत. जेल गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळी करायची. चामड्याच्या जुन्या कव्हरात लेन्स ठेवू नका, चामडंच आधी बुरशी धरतं.

कॅमेरा माझा कॅननचा क्रॉप (लहान) सेन्सरवाला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला. हेलिओससारख्या एम४२ (४२ मिमी आट्यांच्या) लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, कॅननमध्ये ४४ मिमी आहे, म्हणून पातळ अडॅप्टरने काम भागतं. निकॉनच्या डीएसएलआरवर ४६.५ असल्याने दूरचं फोकस होत नाही. मिररलेस (बिनआरशाचा) कॅमेरा असेल तर काहीच अडचण नाही. व्ह्यूफाइंडरमधून एफ/२ चा, म्हणजे अपर्चर पूर्ण उघडं असतानाचा, फोकस नीट कळत नाही, मागच्या स्क्रीनवरचा लाइव्ह व्ह्यू दहापट करूनच पाहावा लागतो.

म्हणूनच लग्नाच्या कामाला ही नको. हळदीत थांबायला कुणाला वेळ नसतो. "काहून एवढा वेळ लावता भाऊ?" हे ऐकावंच लागतं. नाटकाला मात्र हिच्यासारखी नाही. वडशाकडच्या नाटक मंडळींचे प्रयोग रात्रभर चालतात. पुढच्या रांगेत बसून एकाच अंतरावर फोकस लावून ठेवायचा आणि पात्र त्या जागी आलं की बटण दाबायचं. एफ/२ ला मागचे दिवे गोल फिरतात आणि नटाचा चेहरा मधोमध लख्ख राहतो. कडेला ठेवलेला चेहरा मऊ पडतो, हे गृहीत धरा. एलईडी थेट काचेवर आला की सगळा फोटो फिका होतो. ४९ मिमीचं रबरी हूड लावल्यावर हा त्रास बराच कमी झाला.

आता जोडीला सुपर ताकुमार ५० मिमी एफ/१.४ ही दुसरी जुनी लेन्स आणली आहे. हिच्या सात काचांच्या प्रकारात मागे थोरियम हा किरणोत्सारी धातू असलेली काच आहे आणि ती वर्षांनुवर्षांत पिवळी पडते. अतिनील प्रकाशाने पिवळेपणा उतरतो. ऊन आपल्याकडे भरपूर, पण हे काम थंडीतच करा, उन्हाळ्यात ग्रीस वितळेल. खाली अॅल्युमिनियम फॉइल, मागची काच उन्हाकडे, आणि खिडकीच्या काचेआड नव्हे तर उघड्यावर, कारण साधी काच अतिनील किरणं बरीच अडवते. जागा सिमेंटच्या गच्चीची हवी, तणशीच्या ढिगापासून लांब. भिंगातून एकवटलेल्या उन्हाने तणस पेटायला वेळ लागत नाही. काही आठवड्यांत पांढऱ्या कागदाचा फोटो पांढरा यायला लागलाय, अजून थोडी छटा आहे.