कुत्रा असलेल्या घरी कण्हेर लावावी की जास्वंद?

गोव्यात चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून फुलझाडं लावायची म्हटलं की कण्हेरीचं नाव आधी निघतं. ते साहजिकही आहे. ती समुद्राचा खारा वारा सोसते, एप्रिल-मेच्या उन्हात फारसं पाणी मागत नाही आणि मोकाट गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. पण दात येऊ लागलेलं पिल्लू हाती लागेल ते चावतं. कण्हेरीचं पान, फूल, खोड, मूळ सगळंच विषारी, आणि वाळलं तरी विष उतरत नाही. लाळ, उलट्या, जुलाब आणि मग हृदयाचे ठोके बिघडणं, असा तो क्रम. पावसाआधी छाटलेल्या फांद्या आवारात पडून राहतात तेव्हा धोका सर्वात जास्त, कारण कुत्र्याला ती खेळायची काठी वाटते.

जास्वंदीला पाणी जास्त लागतं, पिठ्या ढेकूण ही कीड पडते, छाटणीही वारंवार करावी लागते. तरी मी जास्वंदच लावेन. चवथीला गणपतीला घरचं फूल मिळतं, आणि कुत्र्याने दोन-चार फुलं खाल्ली तर फार तर पोट बिघडतं. फक्त पिठ्यावर जे फवाराल ते जपून.

देवपूजेसाठी पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, अनेकांच्या दारात असते. तिच्या बिया सर्वात घातक. आणि निर्माल्याचं काय? पंचामृत लागलेली फुलं झाडाच्या बुंध्याशी टाकली की कुत्रा तुपाच्या वासाने तिथे पोचतो. बिट्टी ठेवायचीच असेल तर निर्माल्य झाकणाच्या डब्यात टाका आणि गळलेली फळं रोज वेचा. हे रोज होणार नसेल तर ती काढून मोगरा लावा. त्याची फुलंही देवाला चालतात.

कुंड्यांसाठी सदाफुली की अबोली? सदाफुली बारमाही फुलते, पण कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन तिच्यातूनच मिळतं. कुत्र्याने ती बरीच खाल्ली तर उलट्यांपासून झटक्यांपर्यंत वेळ येऊ शकते. मोठा, शांत कुत्रा असेल तर उंच टांगलेल्या कुंडीत चालेल. पिल्लू असेल तर नको. अबोली विषारी असल्याचं ऐकिवात नाही, अर्धवट सावलीत ती छान येते आणि घरच्या बायकांना वळेसार, म्हणजे गजराही मिळतो.

वेल हवा असेल तर अलमांडापेक्षा जाई बरी. अलमांडाच्या चिकाने उलट्या होतात, पण तो कण्हेरीइतका जीवघेणा नाही. चाफ्याचा चीकही त्रास देतो, तरी त्यासाठी जुनं झाड तोडू नका, पडलेली फुलं झाडून घ्या.

पावसाळ्यात कुंपणात आपोआप उगवणारी कळलावी मात्र मुळासकट काढाच. तिच्या कंदात कोल्चिसिन हे विष असतं आणि माती उकरायची सवय असलेला कुत्रा नेमका कंदापर्यंत जातो. गुलाबाला एरंडीची पेंड घालत असाल तर तीही थांबवा: कुत्रे आवडीने खातात आणि ती जीव घेऊ शकते.

कुत्र्याने काही खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून घरीच उलटी करवू नका. त्या झाडाची डहाळी पिशवीत घालून सोबत न्या आणि निघतानाच पशुवैद्यांना फोन करा.