रेप्लिका घ्यायची ठरली: कोब्रा की जीटी४०?

रेप्लिका, म्हणजे जुन्या गाडीची नव्याने बांधलेली नक्कल, घ्यावी की घेऊ नये, हा वाद तुमच्यापुरता मिटला आहे असं धरून चालतो. जीटी४० ही साठच्या दशकातली फोर्डची शर्यतीची गाडी, आणि कोब्रा ही त्याच काळातली कॅरोल शेल्बीची, फोर्ड इंजिनाची उघडी गाडी. अस्सल जीटी४० शंभराच्या आसपासच बनल्या, कोब्रा सुमारे हजार. त्यातल्या ज्या उरल्या त्या संग्रहालयांत नाहीतर लिलावांत. ज्याला गाडी बघायची नाही, चालवायची आहे, त्याला रेप्लिकाशिवाय वाट नाही. आणि सुरुवातीला यादी कितीही लांबलचक असली, तरी बऱ्याच जणांचं मन शेवटी या दोन नावांपाशी येऊन अडतं. माझंही अडलं होतं. दीड वर्ष मी जिथे मिळतील तिथे या गाड्या पाहिल्या, मालकांना गळ घालून चालवल्या, आणि मग एक घेतली. कोब्रा घेतली. पण आधी जीटी४० बद्दल बोलतो, कारण जीव तिच्यावर होता.

जीटी४० मधला ४० म्हणजे जमिनीपासून छतापर्यंतची इंचांतली उंची. हे वाचून माहीत असतं, पण शेजारी उभं राहिल्यावर छत आपल्या कमरेपाशी येतं तेव्हा खरं कळतं. १९६६ ते १९६९ सलग चार वर्षं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत या घराण्याने जिंकली. त्यातही १९६८ आणि १९६९ ला जिंकलेली गाडी एकच, १०७५ हा चॅसी क्रमांक असलेली, फिकट निळ्या रंगावर नारिंगी पट्टा असलेली. १९६९ ला तिचा चालक जॅकी इक्स सुरुवातीला बाकीच्यांसारखा धावत न जाता चालत गाडीपाशी गेला, पट्टा नीट बांधला, सगळ्यांच्या मागून निघाला आणि चोवीस तासांनी पोर्शला जेमतेम सव्वाशे मीटरने मागे टाकून जिंकला. असा इतिहास असलेला आकार दारात उभा असावा असं कुणाला वाटणार नाही?

आत बसणं हा एक विधी आहे. दरवाज्याबरोबर छताचा मोठा तुकडाही उघडतो. आधी रुंद कठड्यावर बसायचं, पाय आत सोडायचे आणि मग घसरत खाली जायचं. दार ओढताना डोकं आत घ्यायला विसरलात तर छताची कड कपाळावर येते. एकदा आत गेलं की मात्र इतकं छान वाटतं की सांगता येत नाही. पाठ जवळजवळ आडवी, पुढे दोन्ही चाकांवरचे फुगवटे आणि मधून दिसणारा रस्ता. डोक्यामागे काच, काचेपलीकडे इंजिन. थ्रॉटल दिला की आवाज कानांच्या आधी पाठीतून येतो.

माझ्या एका मित्राने त्याची गाडी मला दोन दिवस दिली होती. मी ज्या एका गोष्टीवर निर्णय घेतला, ती त्या दोन दिवसांत कळली.

मूळ जीटी४० पैकी बहुतेकींचं स्टिअरिंग उजवीकडे, आणि गिअरची दांडीही चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला, दाराच्या कठड्यावर. मित्राच्या गाडीतही तशीच होती. दिसायला फार देखणी. पण गिअरबॉक्स इंजिनाच्याही मागे. म्हणजे दांडीपासून निघालेली सळई कठड्याच्या कडेने मागे जाते, आडव्या भिंतीतून पार होते, इंजिनाला वळसा घालते आणि शेवटी गिअरबॉक्सला भेटते. वाटेत प्रत्येक वळणावर एक सांधा. प्रत्येक सांध्यात केसभर प्ले, म्हणजे ढिलेपणा, धरला, तरी तो सगळा साठत साठत दांडीच्या मुठीपाशी येतो तेव्हा बोटभर होतो.

सकाळी गार इंजिनावर काहीच जाणवलं नाही. मोकळ्या रस्त्यावर तर मी पूर्ण प्रेमात होतो. दुपारी मात्र गर्दी लागली. गाडी रांगेत रांगत होती, आतलं तापमान वाढत होतं आणि दुसऱ्यातून तिसरा सापडेनासा झाला. दांडी पुढे ढकलली की ती कशाततरी जायची, पण कशात ते हाताला कळायचं नाही. क्लच सोडला की इंजिन मोकळं ओरडायचं. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा अंदाज. एकदा मला तिसरा मिळालाय असं वाटलं आणि तो पहिला निघाला. मागची चाकं क्षणभर किंचाळली, नशिबाने मागे कुणी जवळ नव्हतं. संध्याकाळी मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "हो रे, तापली की असंच होतं. मागचा क्लॅम्प दीड-दोन मिलिमीटर सरकवावा लागतो. मी महिन्यातून एकदा करतो." तो हे अगदी सहज म्हणाला. त्याला ते करायला आवडतं. मला ते आवडणार नाही, हे मला त्याच क्षणी कळलं.

अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, सगळ्या जीटी४० अशा नसतात. नंतर मी आणखी तीन चालवल्या. मधल्या दांडीच्या एका गाडीत केबल होत्या. त्यात गिअर सापडत होते, पण मऊ भातात चमचा फिरवावा तसे. दुसरी एक नवीच बांधलेली, चांगल्या बेअरिंगच्या सांध्यांची, तिच्यात खरोखर दोष काढता आला नाही. तिसरी मित्राच्या गाडीसारखीच. गिअरबॉक्स कोणता बसवलाय यावरही बरंच अवलंबून असतं. मूळचा झेडएफ या जर्मन कंपनीचा गिअरबॉक्स दुर्मिळ आणि महाग, म्हणून रेप्लिकांमध्ये रेनोचा, ऑडीचा किंवा उलटा करून बसवलेला पोर्शचा गिअरबॉक्स दिसतो. उलटा का, तर पोर्शमध्ये इंजिन गिअरबॉक्सच्या मागे असतं आणि इथे पुढे. तसाच बसवला तर गाडीला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला पाच मिळतील. हे सगळं उत्तम जमवणारे लोक आहेत. पण माझ्या चार गाड्यांच्या अनुभवात तीन ठिकाणी हात अंदाजाने चालत होता, आणि तेवढं मला पुरेसं झालं.

आता कोब्रा. गिअरची दांडी गिअरबॉक्सच्या डोक्यावरच उभी. किंबहुना इंजिन आणि गिअरबॉक्स इतके मागे बसवलेले की दांडीचं मूळ चालवणाऱ्याच्या कोपरापाशी येतं, म्हणून अनेक गाड्यांत ती पुढे वाकवलेली असते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती विचित्र वाटली. मग दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा टाकून पाहिला. खट्. मध्ये काही नाही. दातात दात बसल्याचं तळहाताला थेट कळतं, आणि गाडी गार असो की तासभर गर्दीत उकळलेली, त्यात फरक पडत नाही. मी त्या दिवशी विनाकारण वीसेक वेळा गिअर बदलले असतील.

म्हणून कोब्रा निर्दोष आहे असं मुळीच नाही. तिचा त्रास पायांना. पेडल जिथे असतात तो खण अरुंद, आणि इंजिनाला जागा द्यायची म्हणून पेडल एका बाजूला सरकवलेले. रुंद तळव्याचा बूट घातला तर ब्रेकबरोबर थ्रॉटलही दबतो. मी यासाठी अरुंद, पातळ तळव्याचे बूट वेगळे ठेवलेत. डाव्या पायाला क्लचवरून काढल्यावर टेकायला जागा नाही. एक्झॉस्टचे पाइप त्या खणाच्या पत्र्याला लागून जातात, त्यामुळे लांबच्या प्रवासात पाऊल भाजल्यासारखं होतं. आतून उष्णतारोधक थर लावल्यावर बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही. आणि उतरताना बाजूच्या पाइपला पोटरी लागली की चटका ठरलेला. कोब्रावाले याला सर्पदंश म्हणतात, आणि जुन्या मालकांच्या पोटरीवर त्याची खूण बहुधा असतेच. छताचं म्हणाल तर ते नाहीच असं समजा.

तरी हे त्रास कळणारे आहेत. कुठे गरम आहे, पाय कुठे ठेवायचा, हे एकदा शिकलं की शिकलं. गिअर सापडेल की नाही ही धाकधूक मात्र दर वळणावर नव्याने येते. हा फरक तुम्हाला कदाचित एवढा मोठा वाटणार नाही.

देखभालीत कोब्रा सोपी, यात फार वाद नाही. बॉनेट उघडलं की सगळं समोर. जीटी४० चं मागचं अख्खं अंग उचललं जातं तेव्हा तो देखावा बघत राहावा असा असतो, पण इंजिनाची पुढची बाजू, पट्टे, पाण्याचा पंप, ते सगळं तुमच्या पाठीमागच्या भिंतीला चिकटून असतं. तिथे पोचायला बहुतेक वेळा केबिनमधून झाकण काढावं लागतं. रेडिएटर नाकात आणि इंजिन मागे, म्हणजे गरम पाण्याचे पाइप गाडीच्या अर्ध्याअधिक लांबीतून जाणार. काच खाली होत नाही, एक छोटी झडप तेवढी उघडते. उन्हाळ्यात रांगेत अडकलात तर हे सगळं एकदम आठवतं.

कोब्रा ठरली तर पुढचा प्रश्न, कोणती? बहुतेक रेप्लिका ४२७ च्या (हा आकडा इंजिनाच्या घनइंचांचा), फुगलेल्या मडगार्डांच्या, बाजूला जाड पाइपांच्या. तो आकार कोणाला आवडत नाही? पण एक लक्षात घ्या. ती सात लिटरची गाडी १९६५ च्या शर्यतींसाठी बांधली होती. ठरलेल्या शंभर गाड्या वेळेत तयार झाल्या नाहीत म्हणून तिला मान्यता मिळाली नाही, आणि उरलेल्या शर्यतीच्या गाड्या किरकोळ बदल करून एस/सी नावाने विकल्या गेल्या. त्याच वर्षी शेल्बीने जीटी गटाचं जागतिक विजेतेपद जिंकलं ते ४.७ लिटरच्या २८९ इंजिनावर, मुख्यतः डेटोना कूपे या बंद छताच्या कोब्राच्या जोरावर. त्या २८९ ची एफआयए आवृत्ती, म्हणजे मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार बांधलेली, मला स्वतःला अधिक भावते. तिच्या डिकीच्या झाकणावर दोन उंचवटे असतात, कारण नियमाप्रमाणे डिकीत एक सूटकेस मावायला हवी होती आणि झाकण लागत नव्हतं. आतून पत्रा ठोकून जागा केली. रेप्लिका बनवणाऱ्याने ते दोन उंचवटे जपले असतील तर तो मन लावून काम करतो असं मी समजतो. माझ्या गाडीवर ते आहेत.

विकणारा "४२७" म्हणाला तर कोणतं ४२७ ते विचारा. अनेक गाड्यांत फोर्डचं लहान ३५१ विंडसर इंजिन आतून वाढवून ४२७ घनइंच केलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, उलट ते हलकं आणि नाक कमी जड करणारं; पण मूळ मोठ्या इंजिनाचे पैसे त्याला देऊ नका. मागचा अॅक्सल सलग आहे की दोन्ही चाकं स्वतंत्र, हेही खाली वाकून बघा. खराब रस्त्यावर सलग अॅक्सलची गाडी वळणात मागून उडी मारते, मला ते सोसवलं नाही.

वापरलेली घेत असाल तर फायबरच्या बॉडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा बघा, विशेषतः दाराच्या बिजागऱ्यांपाशी आणि बॉनेटच्या कोपऱ्यांत. रंग नवा असेल तर जास्तच बारकाईने. चाकांना मधोमध एकच पंखांचं नट असेल तर ते खरं आहे की नुसतं झाकण, ते विचारा. खरं असेल तर गाडीच्या एका बाजूचे आटे सुलटे आणि दुसऱ्या बाजूचे उलटे असतात. मऊ धातूच्या हातोड्याने ठोकून घट्ट करायचे, आणि थोडं चालवून पुन्हा ठोकायचे. कागदपत्रांत गाडीचं वर्ष आणि बांधणी काय लिहिली आहे ते पैसे देण्याआधी वाचा, नंतर नाही.

बहुतेक वेळ ट्रॅकवरच घालवणार असाल, तर मी तुम्हाला जीटी४० पासून अडवणार नाही. तिथे गर्दी नाही, गिअर ठरावीक जागी बदलायचे, आणि वेगात ती जमिनीला जशी धरते तशी कोब्रा धरत नाही. सहा फुटांच्या वर असाल तर मात्र आधी हेल्मेट घालून दार लावून बघा. जीटी४० घराण्याच्या गाड्या चालवणारा अमेरिकन शर्यतपटू डॅन गर्नी इतका उंच होता की त्याच्या डोक्यासाठी छताला फुगवटा काढावा लागला, आणि तो फुगवटा आजही हौशी लोक मागून घेतात.

कोणतीही निवडा, विकणाऱ्याकडून तासभर मागून घ्या. गार गाडी सगळ्याच गोड असतात. इंजिन पूर्ण तापू द्या, गर्दीच्या रस्त्याला लागा, आणि मालक शेजारी बसून "जरा डावीकडे दाबा" असं सांगत नसताना दुसऱ्यातून तिसरा टाकून बघा.