आजोबांचा वाल्व अँप्लिफायर, आठ महिने वापरल्यावर (आणि त्याचा हम कसा गेला)

साठच्या दशकात आजोबांनी मुलार्ड कंपनीच्या ५-१० नावाच्या सर्किटवर स्वतः बांधलेला अँप्लिफायर आहे, वाल्व (काचेच्या नळ्या) म्हणजे ईएफ८६, ईसीसी८३ आणि दोन ईएल८४. एका दुकानात रिस्टोअर करून घेतला आणि आठ महिने रोज संध्याकाळी ऐकतोय. आवाज काय सांगू, एलपीवर तंबोरा सुरू झाला की घर भरतं.

पण पहिले दोन महिने हमने, म्हणजे स्पीकरमधून सतत येणाऱ्या गुणगुणीने, जीव खाल्ला. आधी घर्रर असा खरखरीत होता, हार्मोनियमवर खर्जातली पांढरी पाच दाबून बघितली तर त्याच्या जरासा वर, म्हणजे १०० हर्ट्झ. आपल्याकडे मेन्स (घरची वीज) ५० हर्ट्झची, रेक्टिफायरने तिची डीसी केली की उरणारा रिपल (चढउतार) १०० चा, म्हणून दोष सरळ तो गाळणाऱ्या फिल्टर कपॅसिटरचा. दुकानात जुनेच ठेवले होते. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून ४५० व्होल्टवाले नवीन आणून टाकले आणि घरघर गेली.

मग खाली दबलेला दुसरा ऐकू यायला लागला, मऊ हूंऽऽ, एक सप्तक खाली. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढाच, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरचा दोष नाही, पुढे आतच कुठेतरी. काळी एकमधलं गाणं लावलं की पंचमाच्या आसपास पण बेसूर असं काहीतरी मागे चालू, ते सहनच होत नव्हतं.

हम कुठून येतो ते शोधायला सगळे सांगतात वाल्व एकेक काढून बघ. या सर्किटमध्ये ईएफ८६ काढू नका! त्याचा प्लेट (आउटपुटचं टोक) थेट ईसीसी८३ च्या ग्रिडला (इनपुटच्या टोकाला) जोडलेला असतो, ईएफ८६ काढला की ईसीसी८३ चा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) नको तेवढ्या व्होल्टेजवर चढतो. मी काय केलं, फक्त ईएफ८६ च्या हीटरच्या (वाल्व आतून तापवणाऱ्या तारेच्या) दोन वायरी सोडवल्या आणि त्याला ६ व्होल्टची बॅटरी लावली. हम गायब, अगदी शांत, मी स्पीकरला कान लावून बसलो होतो.

म्हणजे हम हीटरच्या एसी सप्लायमधून येत होता. बघतो तर ट्रान्सफॉर्मरच्या, हीटरला वीज देणाऱ्या ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला जाणाऱ्या १०० ओहमच्या दोन रेझिस्टरपैकी एक ओपन (आतून तुटलेला), काळा पडलेला, आणि वायरी पीळ न देता ग्रिडच्या शेजारून नेलेल्या. दोन्ही रेझिस्टर बदलले, वायरी घट्ट पीळ देऊन चासीच्या (सांगाड्याच्या) कोपऱ्यातून नेल्या. त्यानंतर आजपर्यंत हम नाही.

एकदाच परत आला, लॅपटॉप जोडला तेव्हा, चार्जर काढला की बंद. तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थमधून तयार झालेला फेरा. त्यासाठी अँप्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर प्लीज ऐकू नका, आत ३०० च्या वर डीसी व्होल्ट आहेत आणि चासी लोखंडी. मी लॅपटॉपच्या ऑडिओ वायरमध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला, काम झालं. आत हात घालायच्या आधी कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करून मीटरने शून्य बघायचंच, दर वेळी.

ईएल८४ अजून आजोबांच्याच आहेत, त्या बदलायचा विचार तूर्त नाही.